आर्नो परत आला तेव्हा

(दुबई, ऊद मेथा. एका शाळेच्या सभागृहामागची मेकअपची खोली. नाटक सुरू व्हायला थोडा वेळ आहे.)

सदानंद : शेवटचं भाषणच कापायचं? छाया, अगं शो आहे आत्ता!

छाया : हलू नका हो. मिशी वाकडी चिकटेल.

सदानंद : दोन महिने पाठ करतोय. रास अल खोरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत ओरडून ओरडून. शेजारचा ट्रकवाला काच खाली करून विचारायचा, ‘भाईसाब, सब ठीक?’

छाया : सकाळी मरीनावर चालताना इल्झेबाई भेटल्या.

सदानंद : ज्याच्यावर आपलं नाटक, त्या आर्नोची मुलगी. मग?

छाया : त्यांना आपला शेवट सांगितला. युद्ध संपतं, आर्नो छळछावणीतून परत येतो, आपल्या जुन्या थिएटरात उभा राहून म्हणतो, ‘मी तुम्हा सगळ्यांना माफ केलं.’ त्या चालता चालता थांबल्याच. म्हणाल्या, ‘माझे बाबा असं कधीच बोलले नाहीत.’

सदानंद : हबीबी, नाटक आहे. थोडी लिबर्टी घ्यावीच लागते.

छाया : तुम्ही ऐका तरी. हॅम्बुर्गचा एवढा लाडका विनोदी नट. ज्यू म्हणून नाझींनी स्टेजवरून उतरवला. बायकोला सांगितलं, याला सोड, तुला कामं मिळतील.

सदानंद : आणि क्लारा नाटक सोडून बटणांच्या कारखान्यात लागली. तो माझा आवडता सीन.

छाया : पुढचं आपल्याला ठाऊकच नव्हतं. आर्नोला त्याच्याच थिएटरसमोर बर्फ उपसायला लावायचे. प्रेक्षक त्याला वळसा घालून आत जायचे. एकदा एका बाईनं त्याला ओळखलं, आणि सवयीनं तिला हसूच फुटलं. मग कोटावरचा पिवळा तारा दिसला, तशी मान फिरवून आत गेली.

सदानंद : हसली?

छाया : हसली. आणि छावणीतून आल्यावर पहिला प्रयोग त्याच लोकांपुढे. तो नुसता स्टेजवर आला, तर टाळ्या थांबेचनात. लोक उभे राहिले, रडले. आर्नो गप्प. टाळ्या संपल्या, आणि त्यानं त्या दिवशीच्या फार्सातलं आपलं पहिलं वाक्य म्हटलं. ‘कॉफी गार झालेली दिसते.’

सदानंद : खलास?

छाया : खलास. घरी क्लारानं विचारलं, काहीच का बोलला नाहीस? तर म्हणाला, ‘शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. माफ केलं म्हटलं असतं, तर आणखी जोरात. आणि सगळे हलके होऊन घरी गेले असते.’

सदानंद : म्हणजे माझं भाषण गेलं म्हणायचं.

छाया : रागावलात?

सदानंद : नाही गं. पण पुढच्या महिन्यात आपण कायमचे पुण्याला चाललो. इतकी वर्षं इथं नाटकं केली. कायम नोकर, पोस्टमन, नाहीतर मुलीचा बाप. पहिल्यांदा मेन रोल मिळाला. त्या भाषणाला अख्खा हॉल उठला असता.

छाया : माहितेय. म्हणून तर दिवसभर जीभ रेटत नव्हती.

सदानंद : इल्झेबाई आल्यात?

छाया : पहिल्या रांगेत बसल्यात. मराठी अक्षर कळत नाही त्यांना. पण तुम्ही गप्प उभे राहिलात, तर तेवढं बरोबर कळेल.

सदानंद : काप मग. बाईंच्या बापाच्या तोंडी खोटं घालून मी टाळ्या घेऊ होय?

छाया : खरंच?

सदानंद : यल्ला, काप म्हटलं ना! पण आर्नो स्टेजवर आला की रेकॉर्डवरच्या टाळ्या वाजतात, त्या संपेपर्यंत मी करू काय? नुसतं उभं राहणं मला जमत नाही, तुला माहितेय.

छाया : आर्नो त्या गर्दीत क्लाराला शोधत होता म्हणे. ती दिसली, मग बोलला.

सदानंद : मग तू आज विंगेत थांबू नकोस. बाहेर जाऊन बस.

छाया : आणि प्रॉम्प्टिंग? तुम्ही अडलात तर?

सदानंद : अडलो तर अडलो. मागे कुठंतरी बस, छाया. मला शोधायला जरा वेळ लागू दे.