गवताची पिलं

बसा इथं कठड्यावर, सांगतो. मूळचा मी असोद्याचा, जळगावहून मोटारसायकलीनं निघालात तर गाणं संपायच्या आत गाव येतं, आणि आमच्या घरातल्या तीन पिढ्या केळीच्या बागेत गेल्या, स्वतःच्या नव्हे बरं का, लोकांच्या बागेत. आजा पिलं काढायचा, बाप पिलं काढायचा, मीही तेच केलं. पिलं म्हणजे केळीच्या बुडाशी जे कोंब फुटतात ते, वेळेवर काढले नाहीत तर आईचं सगळं तेच खातात अन् घड बारीक राहतो, म्हणून दर पंधरा दिवसाले वाकायचं अन् खुरप्यानं मुळासकट काढायचं, एवढीच आमची विद्या. पण त्या विद्येत मी पहिला नंबर. असोद्यात म्हणायचे, परल्हाद ज्या बागेतून गेला तिथं पिलू औषधालेही सापडायचं नाही. हे ऐकून मी फुगायचो. त्या फुगण्यानंच पुढं घात केला, पण ते येतंच आहे.

तर घड वाहून वाहून कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचललं तर कायमचे आडवे व्हाल. माझा मेहुणा इथं नरडाण्याले कारखान्यात होता, त्यानं माळ्याची जागा पाहून दिली. सुमन, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, घ्या हे काम, झाडाले पाणी घालायचं, त्यात काय चुकाल तुम्ही. काय सांगू तुम्हाले, त्या बाईचा तेव्हा माझ्यावर विश्वास होता.

पावसाच्या तोंडाले धुळ्याच्या रोपवाटिकेतल्या मॅडम टेम्पोत चाळीस रोपं घेऊन आल्या. मी वाकून पाहिलं तर गवत! अहो, ज्या माणसानं जन्मभर गवत उपटायची मजुरी खाल्ली त्याच्या पुढ्यात गवत, तेही विकत आणलेलं, कुंडीत बसवून, टेम्पोनं. मॅडम म्हणाल्या, भाऊ, हे शोभेचं गवत आहे, एकदा लागलं की वर्षानुवर्षं राहतं, पावसाळा सरता सरता कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे येतात, पाणी बेतानं द्या, खत नको, आणि मुख्य म्हणजे उगाच हात लावू नका. मी मान हलवली. मान हलवण्यात मी फार हुशार, आत काही जात नाही. कारखान्याचे साहेब शेजारीच उभे होते, ते म्हणाले, दसऱ्याला मालक येतात मशिनींच्या पूजेला, तोवर गेटसमोरचा हा पट्टा गच्च भरलेला दिसला पाहिजे, दिसला तर तुम्ही राहिलात, नाहीतर बागेचं काम धुळ्याच्या ठेकेदाराला.

झालं. पंधरा दिवसांनी पाहतो तर काय, प्रत्येक रोपाच्या बुडाशी पिलं. मी मनात म्हटलं, पाहा, या मॅडम शिकलेल्या, पण पिलं काढा हे सांगायचं विसरल्या. बसलो मांडी घालून, एकेक पिलू खुरप्यानं मुळासकट उचललं, मधली एक काडी तेवढी ठेवली, म्हणजे ती कशी जाड होईल, अन् पाटी भरली की कॅन्टीनमागच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावली. पुन्हा पंधरा दिवसांनी पुन्हा पिलं. आणि केळीची पिलं बरी हो, दिसतात तरी, ही सुईएवढी, वाकून वाकून आधीच गेलेली कंबर आणखी गेली. मी काढतोय अन् ते फुटतंय, मी काढतोय अन् ते फुटतंय, असा राग यायचा की काय सांगू. जेवायलेही मी आत जात नव्हतो, डबा इथंच खायचो, एका हातात भाकरी अन् एका हातात खुरपं.

गेटवरचे वॉचमन नाना इथलेच, त्यांची बोली अहिराणी. ते रोज पाहायचे. एक दिवस म्हणाले, काय करी ऱ्हायना रे परल्हाद भाऊ? मी म्हणालो, पिलं काढतोय नाना. तर हसले, म्हणे, गवतले पिलं ऱ्हातस का? मी म्हणालो, नाना, तुम्ही गेट सांभाळा, शेतीतलं तुम्हाले काय कळतं. असं मी त्यांना म्हणालो, ज्यांनी चाळीस वर्षं कापूस पिकवला त्यांना.

दसरा पंधरा दिवसांवर आला अन् मॅडम पाहायला आल्या. साहेबही आले. पट्ट्यात जणू कुणी चाळीस अगरबत्त्या खोचून ठेवल्या होत्या. मॅडमनी विचारलं, भाऊ, गुरं शिरली होती का? आता बघा, तेव्हा हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण माझ्यातला पहिला नंबर जागा झाला. म्हणालो, गुरं शिरायले मी काय झोपलो होतो? तीन महिने झाले, दर पंधरा दिवसाले पिलं काढतोय, एक ठेवलं नाही. त्या बाई मटकन कठड्यावर बसल्या, तुम्ही बसलात ना, तिथंच. म्हणाल्या, अहो भाऊ, ती पिलं म्हणजेच गवत! त्यांनीच तर पट्टा भरायचा होता.

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. ठेकेदाराचाच नंबर शोधत असणार. मी खुरपं खाली ठेवलं. मले सुमनचं तोंड दिसायले लागलं, त्यात काय चुकाल तुम्ही म्हणणारं. तेवढ्यात नाना म्हणाले, बठ्ठा पिलं मांगे फेकस हाऊ, चला, दखाडस तुमले. म्हणजे सगळी पिलं हा मागं फेकतो, चला दाखवतो.

गेलो आम्ही भिंतीमागं. कॅन्टीनच्या भांड्यांचं पाणी तिथं वाहून जातं, आणि त्या ओलीत, देवाशपथ, छातीएवढं गवत! ठोंबाले ठोंब लागलेला, गच्च, वर पांढरे तुरे वाऱ्यावर झुलताहेत, अन् त्याच्या कडेनं निम्मा कारखाना डबे उघडून बसलेला. एक जण मले म्हणाला, या परल्हादभाऊ, तुम्ही कधी येत नाही इकडे, किती गार वाटतं. तीन महिने मी समोर कंबर मोडत होतो अन् माझ्या शिव्या खाऊन फेकलेली पिलं इथं ऐशीत!

मी तिथल्या तिथं खुरपं मागितलं, आत्ता उचलतो अन् पुढं लावतो. मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुरे आल्यावर हलवलं तर बसून जाईल, फाल्गुनात वीतभर ठेवून कापा, ठोंब चिरून वाटे करा, मग लावा, आणि तोवर कृपा करून काही करू नका. साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. दसऱ्याले मालकांची गाडी कॅन्टीनच्या बाजूनं आत घेतली. मालक उतरले, तुऱ्यांवरून हात फिरवला, विचारलं, कुणाचं काम? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मालक म्हणाले, वा, जशी निगा इथं राखलीत, अगदी तशीच गेटसमोरही राखा.

आता तुम्हीच सांगा, कशी राखू? वर्षातून एकदा फाल्गुनात कापायचं, बाकी पाहत बसायचं, अन् पाहत बसणं मले शिकवलंच नाही कुणी. नुसता बसलो की साहेब खिडकीतून ओरडतात, माळी ना तुम्ही, काहीतरी करा! काही केलं तर मॅडमचा फोन, भाऊ, हात लावला का? म्हणून रिकामी झारी घेऊन फेऱ्या मारतो. हात मोकळे नकोत म्हणून सुमन रोज खिशात भुईमुगाच्या शेंगा भरून देते, सोला म्हणते, गवताकडे वळू नका. तिसरं वर्ष आहे हे. मागचे वाटे लावून समोरचा पट्टा भरलाय, नाही म्हणत नाही, पण मागच्यापुढे तो अजून आजारातून उठल्यासारखाच दिसतो. का, ते मले माहीत आहे, पण साहेबांना सांगू नका.

असो. नोकरी आहे, कंबर जेमतेम आहे, बायको हसते पण डबा देते, माणसाले आणखी काय पाहिजे. अरे... हे पाहा. शेंगा संपल्या कधी, कळलंच नाही, अन् बोलता बोलता हातात काय आलं पाहा. मुळासकट! शप्पथ, माझं लक्षही नव्हतं. आता हे घ्या, जाताना कॅन्टीनकडूनच जाल ना, भिंतीवरून पलीकडे टाका. लावू नका, माती दाबू नका, पाणी तर मुळीच नको. नुसतं टाका अन् मागं न पाहता निघून जा. जगेल ते, चांगलं जगेल, मी तिकडे फिरकत नाही.