लेकराचं पाणी तोडलं

माहं माहेर एकोडी, साकोलीजवळचं. बाप धानाचा शेतकरी, तळ्याखाली बांधी होती, घरी दोन बैलजोड्या. आमी दोघंच, दादा अन् मी. नाव पार्बता. सासर काही परकं नोहोय, बापाच्या सख्ख्या बहिणीच्या घरीच दिली मले, म्हणजे नवरा माहा आतेभाऊ. आमच्यात तसंच करत, भाऊ आपली पोरगी बहिणीच्या पोराले देते, मंग पोरगी आपल्याच माणसात राह्यते अन् बहीणभाऊ तुटत नाही. आत्याच सासू, तं भेव कायचा? काय सांगू तुमाले ताई, लय सुखात होती मी.

मनोहर झाला, मंग चार वर्सानं दिवाकर, ते एकाहत्तर-बाहत्तर सालची गोठ असन. मनोहर धडधाकट. दिवाकर सात-आठ महिन्याचा झाला अन् त्याच्या हातापायाची बोटं सुजली, भज्यासारखी फुगली, हात लावला का किंचाळे. सासू म्हणे दात येऊन राहिले. मंग पोट डाव्या आंगाले टणक लागे, तं गावचा वैदू म्हणे हा गोळा होये, डागाव लागते. सळई लाल केली, मीच पाय धरले लेकराचे, या हातानं. डाग पडला तो पडला, दुखणं काही गेलं नाही.

तसाच वाढला. फिकट, काटकुळा, डोळे पिवळे, पण बोलाले असा गोड का साऱ्या गावाचा लाडका. अन् रोवण्याच्या दिवसात आमच्याकडे घरी कोणी बसत नाही ताई, सारं घर बांधीत, कंबर मोडेपर्यंत चिखलात धान लावाचं. तो आठ वर्साचा होता, मी म्हटलं तू निसत्या रोपाच्या जुड्या फेक बायाजवळ, तेवढं तं होते ना. अर्धा दिवस गार पाण्यात उभा राहे अन् सांजच्याले हाडं दुखते माय म्हून लोळे. मी काय म्हणो? कामचोर म्हणो. मनोहर पाहा, त्याहून लहान असताना कसा काम करे, असं तोंडावर म्हणो.

आता जे सांगतो ते मी कोणाले सांगतलं नाही. तो पाणी लय पेये. गुंड म्हणजे आमचा पाण्याचा हंडा, तसे गुंडच्या गुंड पेये अन् अंथरूण ओलं करे, आठ-नऊ वर्साचा पोट्टा. मले लाज वाटे, रोज वाकळ वाळू घालावी लागे, बाया हासत. म्हून मी त्याचं पाणी तोडलं. दिवस बुडला का गुंड वर फळीवर ठेवो, त्याचा हात पुरे नाही तिथं. माय, एक घोट दे वो, म्हणे. नाही म्हणो मी. एका सांजी गोठ्यात गेली, तं हा बैलाच्या टाक्यात तोंड घालून पाणी पिऊन राहिला. मारलं मी त्याले ताई. पाठीत दोन धपके दिले, ढोर होये काय तू म्हटलं.

त्या वर्सी त्याच्या छातीत असं दुखलं का श्वास घेता येये ना. मनोहरच्या बापानं त्याले खांद्यावर घेतलं, एस. टी. धरली अन् आमी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, पोरसवदाच, पण समजावून सांगे. तिनं दिवाकरचं रगत घेतलं, आमचंही घेतलं. मंग मले बलावलं अन् त्या दुर्बिणीत पाहाले लावलं. म्हणे, चांगल्या माणसाच्या रगतातल्या पेशी गोल असतात, याच्या पाहा, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसात अडकतात, मंग जिथं अडकल्या तिथं दुखते. मी पाह्यलं. खरंच इळे होते. ज्या इळ्यानं जल्मभर धान कापला, तोच माह्या लेकराच्या रगतात.

मनोहरचा बाप म्हणे, बाई, हे आलं कुठून, आमी तं दोघंही ठणठणीत. ती म्हणे, हरेकाले रगताचं बियाणं दोन दाणे भेटते, एक बापाकडून, एक मायकडून. एक खराब अन् एक चांगला असला तं चांगला सांभाळून घेते, माणसाले जल्मभर समजतही नाही. तुमी दोघं तसे होये. पण दोघाकडचेही खराबच दाणे एका लेकरात पडले तं मंग हे दुखणं. नवरा नात्यातला काय, पुसलं तिनं. मी म्हटलं, हो, आतेभाऊ. तं म्हणे, एका घरचा दाणा दोन्हीकडे असाचा संभव जास्त, म्हून पुसते. तुमच्या भागात हा लय घरात हाये, नात्याबाहेरही भेटते.

मी म्हटलं, मंग पाप कोणाचं? म्हणे, कोणाचंच नाही. हे बराबर समजून घ्या म्हणे, अन् मंग औषध लिहून देता देता बोलली, याले गारठ्यात पाठवू नका, अन् सगळ्यात पह्यले म्हणजे पाणी, मागन तेवढं पाजा, या पोराचं शरीर पाणी धरत नाही, म्हून अंथरुणात होते, पाणी कमी पडलं का पेशी वाकतात. मी खालीच बसली. डॉक्टरीणबाईले वाटलं चक्कर आली.

त्याच्या बाद दोन वर्स जगला तो. दोन वर्स मी गुंड त्याच्या उशाशी ठेवला, कितीही ओलं कर बाबू म्हटलं. एका उन्हाळ्यात ताप आला अन् तीन दिवसात गेला. अकरा वर्साचा होता.

आता दादाची गोठ. दादाची सुमन पाळण्यात होती तवाच आमच्या मनोहरची म्हून ठरली होती. मलेही तेच पाह्यजे होतं, माही भाची माही सून, जसी मी माह्या आत्याची. पण दिवाकर डोळ्यासमोरून हटे ना. लगनाच्या आंधी मी मनोहरले अन् सुमनले घेऊन त्याच डॉक्टरीणबाईकडे गेली. दोघातही एक एक खराब दाणा निघाला. म्हणे, यांचं लगन झालं तं हरेक लेकराच्या खेपेले चारातून एकाची भीती, एक आजारी झाला म्हून बाकीचे सुटले असं नाही, दर खेपेले नव्यानं. मी दादाच्या घरी गेली अन् नाही म्हटलं. दादा उभाच राह्यला. म्हणे, माह्या पोरीले डाग लावला तू, बहीण होये का वैरी. मी म्हटलं, दादा, तिले काही नाही होत, फक्त जिथं देसीन त्या पोराचं रगत तपास. तं म्हणे, हे तोंडातून बाहेर काढलं तं मी मेलो असं समज.

अन् मी चूप राह्यली. शहापूरचं स्थळ आलं, नात्यातलं नाही, माणसं चांगली. मले वाटलं, नात्याबाहेर होये, काही नाही होणार. तसं मनाले समजावलं मी, खरं तं दादा तुटन म्हून भेली. लगनाले गेली, अक्षता टाकल्या, पोराच्या मायजवळ बसली होती, दोन शब्द बोलली असती तं झालं असतं. नाही बोलली. दादा तं तसाही तुटलाच, तवापासून भाऊबीजेले आला नाही.

मनोहरचं लगन मी रगत पाहूनच केलं, नातू खेळून राहिला. मागच्या हिवाळ्यात सुमन आली, एकटीच, वर्साचं लेकरू काखेत. आत्याबाई, पाहा ना वो, म्हणे अन् त्याचे हात पुढं केले. बोटं सुजली होती. भज्यासारखी. तिच्या गळ्यात पडून रडली, सांगून टाकलं सारं, मले माहीत होतं अन् मी बोलली नाही म्हून. तिनं लेकराले या काखेतून त्या काखेत घेतलं. मंग म्हणे, आता तं सांगा आत्याबाई, याले कसं सांभाळू?

सून म्हून तिले घर शिकवाचं होतं मले, हे शिकवून राहिली. गरम कपडा घाल, पाऊस लागू देऊ नको, डागू तं देऊच नको कोणाले. दर महिन्याले येते, नागपूरले आमीच नेतो. आली का मी पह्यले गुंडातून लोटा भरतो, लेकराच्या तोंडाले लावतो. आंगावर सांडवते, फडकं ओलं करते, सुमन म्हणे पुरे झालं आत्याबाई. मी म्हणतो राहू दे. पे बाबू, पे, मनभर पे.