चमचा तिरका केला की विचार करते

हॅलो?… हां स्पृहा, बोल बेटा! दादा कसाय?… अजून पीत नाही? काहीच नाही?… आणि बोलणं?… तेही नाही…

हो, हो… अगं ऐक ना, पाण्यात ती पावडर कालवून देतेस, मतलब खळच झाली ना! माझ्या भावाला खळ पाजते ही पोरगी! इथे सराफ्याच्या खाऊगल्लीत रबडी खाऊन वाढलेला माणूस, तोंड मिटणारच तो.

माहितेय गं, त्या अर्धांगाच्या झटक्यापासून पातळ गेलं की ठसका लागतो… काय? आज नाही प्यायला तर नाकात नळी?… नळी-बिळी काही नाही! तू काल केलेली बासुंदी फ्रीजमध्ये पडलीये ना?… बरोबर, आधी विचारायलाच हवं. गिळायला शिकवणारी ती मॅडम आलीये ना आज? दे तिला फोन… अगं येतं मला इंग्लिश, दे!

हॅलो मॅडम! आय ॲम सुनंदा, अरविंद्स सिस्टर, फ्रॉम इंदौर… येस, मिल्क. बॉइल, बॉइल, बॉइल… नो नो, नॉट रनी! थिक… लाइक हनी? विच हनी मॅडम, समर ऑर विंटर?… नो, नॉट स्टिकी. स्मूद. क्रीमी… लम्प्स? नेव्हर! शी विल स्ट्रेन… स्पून, यू टिल्ट. फर्स्ट इट थिंक्स… येस, थिंक्स! देन स्लोली, स्लोली कम्स. लाइक माय ब्रदर ऑन संडे मॉर्निंग… हा हा, करेक्ट!… यू चेक फर्स्ट. थँक्यू मॅडम.

स्पृहा? बघतेय ना ती?… चारोळी राहिली नाही ना एक पण? परत गाळ… काय म्हणाली?… परफेक्ट? वा भिया!

आता सरळ बसव त्याला. अर्धा चमचा. घाई नको… घेतलं?… तोंडातच आहे?… दादा, गिळ रे बाबा…

गेलं?… ठसका?… नाही! बिलकुल नाही!

काय?… कोण बोललं?… दादा बोलला? काय म्हणाला?…

'सुनंदासारखी नाही जमली'?…

हो, रडतेय मी. रडू दे गं… तू कशाला रुसतेस वेडे? इतक्या दिवसांनी तोंड उघडलंय त्यानं, ठेवू दे तुझ्या बासुंदीला नावं!… अगं, माझ्याशी काय बोलत बसलीस? मॅडमना विचार आणि दुसरा चमचा दे त्याला. ठेव, ठेव फोन!