पुढच्या सीटचा मान

हॅलो? … कोण? … जरा मोठ्यानं बोला हो, दारात वेल्डिंग चाललंय… अगंबाई, विहीणबाई होय. नमस्कार, नमस्कार. बारडोलीला सगळे बरे ना? … उज्ज्वला? जावईबापू? … हं. … गोपाल, बंद कर रे ती कटकट! … नाही नाही, तुम्हाला नाही म्हटलं. गोपालला म्हटलं. लेकी बोले सुने लागे, तसलं काही नसतं हो माझं. … हो, बोला.

हो, खरंय ते. परवा निघतात. जेसलमेरला, वाळवंटात, चार दिवस गाड्यांची शर्यत. … यात्रा नाही हो, शर्यत. … अहो, नवागामात गॅरेज टाकून बारा वर्षं झाली माझ्या गोपालला. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून करून आता स्वतःची पळवायची हौस आली. जुनी जिप्सी घेतली. मार्केटातल्या एका शेठनं खर्च उचललाय, बॉनेटवर त्याच्या साड्यांच्या दुकानाचं नाव हे एवढं. …

काय? … कोण रुसलंय? … जावईबापू? … कशावरून? … अच्छा. … पुढच्या सीटवरून.

हो, हो, मान्य आहे विहीणबाई. घरचा जावई पुढच्या सीटवर बसतो. गोपालच्या लग्नात बसलेच होते की, नवरदेव मागे आणि धर्मेंद्रराव पुढे. … साखरपुड्यालाही. … हो, मयतीलाही. आम्ही कधी नाही म्हटलंय? … पण अहो, ऐका ना. ही सीट तशी नाही. इथं बसणाऱ्याला काम असतं. हातात कागदांची गुंडाळी देतात, त्यावर बाण, ठिपके, आकडे. कुठं वळायचं, कुठं खड्डा, कुठं टेकडी, सगळं त्यानं ओरडून सांगायचं, गाडी उडत असताना. … पल्लवी सांगते. आमची सून. … हसू नका. भरतकामाच्या कारखान्यात ती दिवसभर डिझाइनचे कागदच तर वाचते. सहा महिने, दर रविवारी, दोघं सुवालीला समुद्राकाठच्या वाळूत जायचे आणि मी इथं पोळ्या भाजायची. … हो, सासूनं भाजल्या. भाजल्या तर काय हात झिजले?

… मागे कसे बसतील? मागची सीटच काढून टाकलीय. तिथं लोखंडी पाइपांचा पिंजरा केलाय, आणि जादा चाक. … चाकाला जागा आहे आणि जावयाला नाही, असं नका म्हणू. … आहे ना, सामानाची जीप आहे सोबत. तिच्यात चिंधा मेकॅनिक… आणि एक महाराज. … स्वयंपाकाचा हो. शेठनं पाठवलाय. त्याच्याबरोबर चाळीस किलो खाखरे, ठेपले, भुसू-फरसाण. म्हणतो, माझ्या टीमनं बाहेरचं खायचं नाही. चिंधा बिचारा पाने-पकडी मांडीवर घेऊन जाणार. … बरोबर आहे तुमचं. महाराजाला जागा… हो. पण जावयाला महाराजाच्या शेजारी कसं बसवू? उद्या तुम्हीच नावं ठेवाल.

आणि राग मानू नका, सापुताऱ्याच्या घाटात जावईबापूंना गाडी लागली होती, आठवतंय ना? … भजी बाधली होती? … बरं, भजी. … आणि त्याआधी कामरेजच्या पुलावर? … तीही भजी.

… काय म्हणालात? … दिवाळीला उज्ज्वलाला पाठवणार नाही? … विहीणबाई, लेकीवर नका ना काढू. वर्षातून चार दिवस येते ती. तेवढे चारच दिवस मला सुखाची झोप लागते. … नाही, रडत नाही मी. वेल्डिंगचा धूर आहे. …

बरं. … बरं, बसतील जावईबापू. पुढच्याच सीटवर. … हो, गोपालला मी सांगते. पल्लवीला… तिलाही मीच सांगते. इथंच उभी आहे ती, हेल्मेट हातात धरून. ऐकतेय सगळं. …

नाव? … हो तर, गाडीच्या दारावर नाव लागतं. मोठ्या अक्षरात लावू. पल्लवीचं खरवडून काढतील. … फोटोही पाठवते. … फक्त जावईबापूंचा रक्तगट तेवढा कळवा. … रक्तगट. … नावाखाली लिहावाच लागतो, नियम आहे. … कशाला म्हणजे… गाडी उलटली तर दवाखान्यात विचारत बसायला नको. … रोज नाही हो उलटत. … पिंजरा त्यासाठीच तर केलाय. … … हॅलो? … आहात ना?

… सर्दी? कधी झाली? … आत्ताच.

… हो, सर्दीत वाळवंट बरं नाही. … मग मानाचं काय म्हणता? … तुमच्या घरचं कुणीतरी बसायलाच हवं. बरं. … कोण? … परत म्हणा. … उज्ज्वला.

… विहीणबाई, तुमचा मुलगा शिंकला म्हणून माझी लेक बसवता तिथं? … सून म्हणजे घरचीच, हो. मीही माझी सूनच बसवत होते. पण मी तिला विचारलं होतं. तीनदा विचारलं. तिनं स्वतः फॉर्म भरला, स्वतः जाऊन रक्त तपासून आली. … राग येणारच. आलाय मला राग. दिवाळीला पाठवा, नका पाठवू, ती सीट पल्लवीची आहे. … हो, शब्द फिरवला मी. फिरवला. … आणि तुम्ही उज्ज्वलाला विचारलंत का? … मग आधी विचारा. मी धरते फोन. मला ऐकू येईल असं विचारा. … पल्लवी, ते हेल्मेट खाली ठेवू नको व माय. …

हॅलो? … उज्ज्वला? … काय सांगितलंस तू त्यांना? … हो म्हणालीस? … अगं, कुठं जायचंय ते तरी ऐकलंस का? … नाही ऐकलंस. … मग? … …

… सात वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच कुणी तुला 'जाशील का' असं विचारलं, म्हणून. … …

हो, आहे मी. ऐकतेय. … ती सीट नाही मिळायची पोरी, ती पल्लवीची. तू जीपमध्ये बस, चिंधाच्या शेजारी. … महाराजाला मी उतरवते. … सासूबाई काय करताहेत? … नुसत्याच उभ्या आहेत? … मग ठेव फोन आणि बॅग भर. त्यांचा विचार बदलायच्या आत.