दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातील बंद दिव्याबाबत

मी, खाली सही करणार, वय छप्पन्न, धंदा नोकरी, नगरपालिकेत विद्युत निरीक्षक, राहणार पाण्याच्या टाकीमागची तीन मजली इमारत, दुसरा मजला. घरात मी एकटाच. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष सांगतो की, सरकारी इस्पितळात बुधवारपासून ज्या वृद्ध स्त्रीची नोंद ‘अनोळखी’ अशी आहे, तिला मी ओळखतो. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर असून बंद छापखान्यामागच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहतात. सदर बाई माझ्या कोणी लागत नाहीत.

माझे शिक्षण विद्युत पदविका. त्यानंतर परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली खांबांवर चढून काम केले, पर्यवेक्षकाची परीक्षा दिली आणि मग ही नेमणूक मिळाली. नवीन जोडण्या तपासणे, तक्रार आल्यास जागेवर जाणे, धोका दिसल्यास पुरवठा तोडणे आणि परवानाधारकाने काम नीट केल्याची खात्री झाल्यावरच तो पुन्हा सुरू करणे, हे माझे काम. निरीक्षकाने स्वतः दुरुस्ती करायची नसते. आपणच बांधायचे आणि आपणच ‘उत्तम’ म्हणून शेरा मारायचा, यात सगळ्यांचेच मरण असते. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्यामुळे ठेकेदार मला तुसडा म्हणतात, ते मला माहीत आहे.

बाईंची तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी यायची. कधी मीटर गुणगुणतो, कधी दिवा मिणमिणतो. तक्रार आली की जाणे भाग, म्हणून मी जायचो. दोष कधी सापडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी जरा चिडून म्हणालो, “बाई, मीटर ठणठणीत आहे. खरं काय ते सांगा.” त्यावर त्या म्हणाल्या, “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? करमत नाही म्हणून बोलावते. तुम्ही निदान बूट काढून आत येता. पत्रं टाकणारा तर खिडकीतूनच पळतो.”

मी तक्रार निकाली काढली नाही. ‘पुन्हा पाहणी आवश्यक’ असा शेरा मारून आलो. पुढेही तेच करत राहिलो. कार्यालयातले कारकून मी टेस्टर खिशात घातला की विचारायचे, “साहेब, निघालात वाटतं माहेरी?” मी त्यांना झापायचो, पण जायचो. त्या चहा करायच्या आणि जुन्या काळी कोण कोणाला फोन लावून काय बोलायचे ते नावे न घेता सांगायच्या. एकदा ऐकलेला नंबर किंवा पत्ता त्यांच्या डोक्यातून जात नाही. कधीतरी त्यांनी मला सहज विचारले होते, “तुम्ही कुठे राहता?” मी म्हणालो होतो, “टाकीमागे, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून.” त्या म्हणाल्या, “येईन कधीतरी.” असे लोक म्हणतातच, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

गेल्या सोमवारी त्यांची तक्रार आली की नळाला हात लावला की मुंग्या येतात. कारकून हसले. मीही तसाच गेलो. सवयीने उलटा हात नळाला लावला आणि झटका बसला. पाणी तापवायच्या बंबातून वीज उतरत होती आणि अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती. त्या नळाखाली त्या रोज भांडी घासत होत्या. त्यांच्यावर मी विनाकारण ओरडलो.

मी मेन स्विचमधला फ्यूज काढून खिशात घातला. ही आमच्या धंद्यातली रीत आहे. काढलेला फ्यूज जागेवर ठेवला की कोणीतरी शहाणा तो परत घालतोच, म्हणून काढेल त्याच्या खिशात फ्यूज. बाई म्हणाल्या, “म्हणजे मी अंधारात बसू? अहो, वीतभर तार. तुम्हाला येतं ना बांधता? बांधून टाका.”

मी म्हणालो, “बाई, मीच बांधलं तर तपासायचं कोणी?”

त्या म्हणाल्या, “तुमचंही बरोबर आहे.” मग त्यांनी मेणबत्ती शोधायला सुरुवात केली. ती मी शोधून दिली आणि उद्या ठेकेदाराला घेऊन येतो असे सांगून निघालो. फ्यूज कार्यालयात जमा करायला हवा होता, म्हणजे माझ्या मागे दुसऱ्या कोणाला पुरवठा सुरू करता आला असता. पण अंग मोडून आले होते, म्हणून तसाच घरी गेलो. फ्यूज सदऱ्याच्या खिशातच राहिला.

त्या रात्री मला सणसणून ताप भरला. मंगळवारी ठेकेदाराला फोन करून मी त्याला एकट्यालाच जायला सांगितले. तो गेला, पण बंब उघडून बघितल्यावर सामान आणावे लागेल म्हणाला आणि बाईंना सांगून आला, “साहेब तापाने फणफणलेत. ते उठल्याशिवाय लाइट येत नाही. फ्यूज त्यांच्या खिशात.” हे त्याने मला आज सांगितले.

बुधवारी दिवेलागणीच्या सुमारास मी अंथरुणात असताना दारावर थाप ऐकू आली. आधी हळू, मग थोडी जोरात. मी जागा होतो. मला उठता आले असते. पण माझ्या दारावर कोणी थाप मारत नाही. समोरच्यांकडे पाहुणे येतात, तेच दार चुकले असतील आणि आपोआप समजतील, असे वाटून मी कूस बदलली. थोड्या वेळाने जिन्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मुले भांडी पाडतात तसा आवाज होता. मला झोप लागली.

आमच्या मजल्याच्या जिन्यातला दिवा बरेच दिवस गेलेला आहे. मला पायऱ्या पाठ आहेत आणि माझ्याकडे कोणी येत नाही, त्यामुळे तो बदलायचे माझ्या ध्यानातही आले नाही. जबाब लिहून घेणारे हवालदार इथे म्हणाले, “साहेब, हा तर दिव्याखाली अंधार.” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

आज ताप उतरल्यावर मी ठेकेदाराला घेऊन बाईंच्या खोलीवर गेलो. कुलूप होते. परत आल्यावर आमच्या तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने मला थांबवून सांगितले की बुधवारी एक म्हातारी जिन्यावरून पडली, त्यानेच तिला रिक्षात घालून इस्पितळात नेले. मी विचारले, “मला का नाही सांगितलंत?” तो म्हणाला, “तिची शुद्ध हरपली होती, काही बोलेना. सगळ्या बिऱ्हाडांत विचारलं. तुमच्याकडे कोणी येत नाही, म्हणून तुम्हाला तेवढं विचारलं नाही.” मग त्याने टेबलाखालून तिची पिशवी काढली. पिशवी निळ्या फुलांच्या पडद्याच्या कापडाची होती. उरलेला पडदा बाईंच्या खिडकीला आहे. आत त्यांच्या खोलीची किल्ली आणि एक पोचा आलेला डबा होता, डब्यात मऊ भात. आधी मला वाटले होते की त्या फ्यूज मागायला आल्या असतील. पण फ्यूज मागायला येणारे माणूस आजाऱ्याचा भात घेऊन येत नाही. अंधारात मेणबत्ती लावून तो त्यांनी शिजवला असणार.

मी इस्पितळात गेलो. बाईंच्या खुब्याचे हाड मोडले आहे. त्यांनी डोळे उघडून मला ओळखले आणि विचारले, “ताप उतरला का?” मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, “तुमच्या जिन्यात दिवा नाही. तक्रार कुठे करायची?” एवढे बोलून त्यांना पुन्हा ग्लानी आली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की उद्या सकाळी शस्त्रक्रिया झाली तर त्या पुन्हा चालतील, उशीर झाला तर अंथरुणाला खिळतील. बाई पुरत्या शुद्धीवर नाहीत, म्हणून त्यासाठी जबाबदार माणसाची सही हवी. त्यांनी मला विचारले, “तुम्ही कोण?” मी सांगितले, “विद्युत निरीक्षक.” त्या म्हणाल्या, “ते नाही विचारलं. यांचे कोण?” बाईंना एकच भाऊ होता, तो वारला. नात्याचा रकाना भरल्याशिवाय कागद पुढे जात नाही. ज्या जागी आपला अधिकार नाही तिथे मी कधी सही केलेली नाही, म्हणून पेन खाली ठेवून इकडे आलो. एखादा दूरचा नातेवाईक पोलिसांना सापडेल, अशी आशा होती. रेल्वेच्या वेळापत्रकासारखे सगळे कुठेतरी लिहिलेले असते, असे मला वाटत आले आहे. हवालदारांनी शोध घेतला. कोणी नाही.

घटनेबाबत माझा कोणावर संशय नाही. कोणी त्यांना ढकलले नाही. जिन्यात दिवा नव्हता आणि मी दार उघडले नाही, एवढेच कारण आहे.

बाईंच्या खोलीतली अर्थिंगची तार मी आज स्वतःच्या हाताने बांधणार आहे. बांधल्यामुळे मला ती तपासता येणार नाही, तरी तपासणीला दुसरा निरीक्षक पाठवावा, असे कार्यालयाला फोनवरून कळवले आहे. फ्यूज त्याच्याकडे देईन. आमच्या जिन्यातला दिवा येतानाच बदलून आलो आहे.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. त्यात एकच दुरुस्ती करावी. पहिल्या परिच्छेदातले शेवटचे वाक्य, ‘सदर बाई माझ्या कोणी लागत नाहीत’, हे खोडावे. खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी मजकूर बरोबर आहे. इथून मी इस्पितळात सही करायला जात आहे.