पाळी लांबवायची एवढीशी गोळी

एवढीशी तर गोळी! हे मले सासूबाईनं ऐकवलं, ह्यायनं ऐकवलं, शेजारच्या विमलताईनं भिंतीवरून ऐकवलं, आता गल्लीतल्या बकरीचंच राह्यलं! मी रागावत नाई हो सहसा. सोळा सोमवार केलेली बाई मी, चतुर्थी कधी चुकली नाई, कोणाले अरे म्हणत नाई... पण काल तोंडातून असा शब्द निघाला का मीच देवघराकडं पाहून कान धरले!

झालं काय, महालक्ष्म्या आल्या आठवड्यावर. आमच्या घरच्या उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पुरण, आंबील, अर्धं दारव्हा गाव जेवायले. अन् घरात पाळी येणारी सून मी एकटी! मग दरसाल काय? पाळी लांबवायची गोळी! लग्न आहे, घे गोळी. सत्यनारायण आहे, घे गोळी. तिले आमच्याकडं औषध म्हणतेच कोण? यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "हार्मोनच्या गोळ्या घेता का?" मी म्हटलं, "छे हो, मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाई!" आता ती तं देवाची गोळी, ती कायले मोजायची?

मागच्या साली माझ्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची. हो, स्तनात! घरचे म्हणतात "ते... तिकडचं". तिकडचं म्हणजे काय, शेजारच्या दिग्रस गावचं? ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, देवाची कृपा. मग डॉक्टरीणबाईनं जवळ बसवून सांगितलं, "नयनताई, तुमच्या गाठीच्या पेशींवर कुलपं होती. अंगातलं हार्मोन म्हणजे किल्ली. किल्ली फिरली की पेशीला हुकूम, वाढ! आता ही रोजची गोळी म्हणजे त्या कुलपात घातलेली काडी. एखादी पेशी लपून राहिली असेल तर तिला हुकूम पोचायला नको." मी हळूच विचारलं, अन् मग पाळीची गोळी? बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या! "अहो, ती हार्मोनचीच! तिच्यामुळं गाठ झाली असं मी म्हणत नाही, पण आता तुमच्यासाठी ती कायमची बंद."

कायमची बंद! मराठीतच बोलल्या नं बाई? घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणतात, "रोज घेतेच एक गोळी, तिच्यासंगं ही घे. एवढीशी तर गोळी!"

विमलताईचं तं विचारूच नका! दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर शगुफ्ताभाभी होत्या, त्यायची गाठ हार्मोनचं ऐकतच नव्हती. तिच्यावर दुसऱ्याच किल्लीची कुलपं, वाढीच्या निरोपाची, अन् तीही खंडीभर. म्हणून त्यायले सुई, मले गोळी. भाभी हसून म्हणत, "बहन, तेरा ताला अलग, मेरा ताला अलग, चोर मात्र एकच!" हे मी विमलताईले सांगितलं. तिनं पदर खोचला. "एकाच रोगाले दोन औषधं? डॉक्टरलेच समजून नाई राह्यलं! मी म्हणते, तिची सुईही घे, तुझी गोळीही घे, अन् महालक्ष्मीची ती... एवढीशी तर गोळी!"

अन् आमचे हे! सदाशिवराव! दवाखान्याच्या जिन्यात बसून लेकरासारखे रडले होते, बरं का. काल खाली मान घालून म्हणतात, "आईचं मन राहीन... एवढीशीच आहे नं."

तिथं माझं डोकं फिरलं! म्हटलं, "अहो, गाठ कितीशी होती? तुरीच्या दाण्याएवढी! तवा नाई म्हटलं तुम्ही, एवढीशी तर गाठ?" अन् मग तो शब्द निघाला. तो काही मी इथं लिहीत नाई.

 मले वाटलं, राग नको, प्रेमानं समजावावं. बिचाऱ्यायले दिसत नाई, म्हणून समजत नाई. सासूबाईले हाताले धरून कोठीच्या खोलीपाशी नेलं. म्हटलं, हे लावलेलं कुलूप म्हणजे माझी पेशी. खराट्याची काडी घेतली, ही माझी रोजची गोळी, अन् खुपसली कुलपात, मटकन तुटली आत! आता लावा म्हटलं किल्ली. सासूबाईनं लावली. जाईना. ह्यायनं लावली. जाईना. विमलताईनं तेल घालून लावली. जाईना! मी म्हटलं, पाह्यलं? असं अंग राखून राह्यली माझं ती गोळी, अन् तुम्ही वरून किल्ल्यांचा जुडगा पाजून राह्यले मले!

सासूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं हो. खरंच आलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, नुकत्या आलेल्या केसांवरून. "समजलं गं माय. माह्यासारखीले कोणी असं सांगतलंच नाई." कमरेच्या बटव्यातून त्या गोळीचं पाकीट काढलं. मी मनात हात जोडले, फेकते आता माय!

तिनं एक गोळी काढली, दातानं तोडली, अन् म्हणाली, "मग अर्धीच घे."

दोन्ही अर्ध्या मी मोरीत टाकल्या अन् वरून बादलीभर पाणी. पाळी आली तर बसीन बाजूले, पुरण हे घाटतील. महालक्ष्मीले मनातून सांगितलं, माय, तूच समजून घे... पण तिचा मुखवटा कापसात गुंडाळलेला, कोठीत, अन् कुलूपवाला म्हणते सोमवारी येतो.