पुलावरची उडी

(दुपारचा खेळ सुटला आहे. चित्रपटगृहाच्या जिन्यात बाप कठडा धरून मध्येच थांबला आहे. मुलगी दोन पायऱ्या खाली, खांद्याला पिशवी.)

बाबा : नाही, सुरुवात झकास होती. गोदामातली मारामारी तर पहिल्या भागापेक्षा सरस. माणूस पडला की आपल्याला लागल्यासारखं वाटत होतं.

मुलगी : आणि पुढे?

बाबा : पुढे नुसता पैसा दिसायला लागला. धरण फोडलं, विमानं आपटली, अर्धं शहर पाडलं. पण कोण कुणावर का चिडलंय, शेवटपर्यंत पत्ता नाही. पहिल्या भागात एक भाऊ हरवला होता, बास. तेवढ्यावर लोक रडले होते.

मुलगी : त्यात तुम्ही होतात, म्हणून तो गोड लागतो तुम्हाला.

बाबा : असेल. हिरोच्या जागी गच्चीवरून पडून कंबर मोडून घेतलीये, एवढं कौतुक राहणारच. थांब जरा, गुडघा धरलाय.

मुलगी : बसा ना, घाई कुठेय. पुलावरची उडी कशी वाटली?

बाबा : ती? सपशेल खोटी.

मुलगी : खोटी?

बाबा : कॉम्प्युटरवर केलेली. बाई पुलावरून सुटते, कट. आग, कट. हिरॉइनचा चेहरा, कट. पडणाऱ्या माणसाचं वजन कुठे दिसतं का? तुझ्यासारखी स्टंटवाली हाताशी असताना फाइट मास्टरना ही अवदसा कुठून आठवली?

मुलगी : मीच होते, बाबा.

बाबा : कुठे?

मुलगी : पुलावर. ती उडी खरी आहे.

बाबा : तू तर म्हणालीस, नुसती पळापळ आहे.

मुलगी : खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत? पाण्यावर तिरकी आपटले. खांद्याचं हाड मोडलं. शूटिंग लांबलंय म्हणाले होते ना, तेव्हा मावशीकडे पडून होते.

बाबा : आईला माहीत होतं?

मुलगी : हो. तुमची झोप उडेल म्हणाली.

बाबा : आणि मी इथे बसून खोटी म्हणतोय.

मुलगी : दिसतेच खोटी. आत बसून मलाच मी ओळखू आले नाही.

बाबा : माती केली गं त्या एडिटरने.

मुलगी : तिसऱ्या भागासाठी फोन आला होता. नाही म्हणून कळवलं सकाळी. दमले मी. शेवटची उडी निदान तुम्ही बघावी, म्हणून आज ओढून आणलं तुम्हाला.

बाबा : नाही म्हणायला मला कधी जमलं नाही बघ. कंबरेनेच सांगितलं शेवटी.

मुलगी : उठताय? हात देऊ?

बाबा : कुठला खांदा?

मुलगी : डावा.

बाबा : मग ती पिशवी इकडे दे.